आंदणाचा कोंबडा

माझ्या लग्नात सासऱ्यानं आंदण दिला तो एक कोंबडा. तांब्या-परात नाही, कालवड नाही, काही नाही. वरातीच्या गाडीत बायको चढली तेव्हा तिच्या मांडीवर हा तांबडा, काळ्या शेपटीचा, उंच तुऱ्याचा गडी बसलेला. गाडी हलली तसा तो असा काही आरवला की बैलं बुजली. आमचे आबा पुढं बसले होते. ते मागं वळून म्हणाले, "व्याह्यानं वाजंत्रीबी दिली म्हनायची!" सगळी गाडी हसली. बायकोचं तोंड पदरात होतं, त्यामुळं ती हसली की रडली ते मला कळलं नाही. पुढं पन्नासाच्या वर वर्षं संसार केला, पण त्या दिवसाचं तिला विचारायचं राहिलं. हौसा जाऊन आता वर्ष होत आलं. आता विचारायचं कुणाला? मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, हातात पेन धरलं की बोटं दुखतात. पण ह्या कोंबड्याची गोष्ट तिला लय आवडायची, आणि सांगताना ती दर वेळी वेगळी सांगायची. खरं काय झालं ते मी लिहून ठेवतो.

आमची वस्ती गावाबाहेर मळ्यात, पलूसच्या अंगाला. काळं रान, ऊस, हळद, एक विहीर आणि विहिरीवर मोट. घरात आबा, आई, मी. थोरला भाऊ पलटणीत होता, लढाईवर. त्याचं पत्र येईल तेव्हा आई जरा जेवायची. त्याची वाट बघण्यात माझं लग्न लांबलं, आणि हौसाची आई लहानपणीच वारली म्हणून बापाचं घर सांभाळण्यात तिचं लांबलं. मी बाविशीचा, ती विशीची. त्या काळाच्या मानानं दोघंही थोराड. ती पूर्वेकडची, दुष्काळी भागातली. तिकडं हुलगे आणि बाजरी, दोन कोसावर पाणी. आल्या आल्या चार दिवसांत तिनं चुलीवर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं. आई नाक मुरडून म्हणाली, "आमच्यात ह्ये बैलाला घालत्यात." आबा एक वाटी प्याले, दुसरी प्याले, मग त्यांनी तिसरी मागितली, आणि म्हणाले, "मग आजपास्नं मी बैल." अजून पावसाळा लागला की मला त्या माडग्याचा वास येतो. सून करते, चांगली करते, पण त्यात हुलगे जास्ती भाजलेले असतात. हे मी तिला कधी सांगत नाही.

आता त्या वेळची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर आजच्या पोरांना पुढचं काही कळणार नाही. आमच्यात थोरल्यांच्या देखत नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, आणि सुनेनं तर कुणाशीच बोलायचं नाही. सासरा विचारील त्याचं उत्तर सासूकडं बघून द्यायचं, तेही मान हलवून. मळ्यात घर तीन खणांचं, थोरली दोन माणसं कायम घरात नाहीतर अंगणात. म्हणजे बोलायचं कधी? मी तसाही तोंडाचा मुका. मोटेवर बसलं की बैलांशी दिवसभर बोलायचो, घरात आलो की गप. लग्न होऊन दीड महिना झाला तरी मी हौसाला तीन शब्दांच्या वर बोललो नव्हतो. ते तीन शब्दही "पानी", "भाकरी" आणि "बैल". भाकरी घेऊन ती रानात यायची, बांधावर टोपली ठेवायची, आणि मी जेवेपर्यंत पाठमोरी बसायची. मीही पाठमोरा बसायचो. मधे तिचा कोंबडा बसायचा.

हो, तो तिच्या मागनं रानातसुद्धा यायचा. ती त्याला बाळ्या म्हणायची. ती भांडी घासायला बसली की हा शेजारी. ती शेण गोळा करायला गेली की हा मागं. तिला वाटेत कुठं दाणा दिसायच्या आधी ह्याला दिसायचा. मग तो तो दाणा चोचीत उचलायचा, पुन्हा टाकायचा आणि "कुट् कुट् कुट्" करून तिला बोलवायचा. कधी एका अंगाचा पंख जमिनीला टेकवून तिच्या पायाभोवती फेरी मारायचा. आम्हाला वाटायचं, काय इमानी जनावर आहे! आई म्हणायची, "कुत्र्याच्या वरचा हाय."

आमच्या घरच्या कोंबड्या सहा. त्यातली काळी म्हणजे म्हातारी आणि खाष्ट, बाकीच्यांत एक कवडी, पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांची, जरा भोळी. आधीचा आमचा कोंबडा होता, पण लग्नानंतरच्या देवाच्या जेवणाला आबांनी तो कापला. "व्याह्यानं नवा दिलाय की, जुना कशाला पोसायचा?" असा त्यांचा हिशेब. वस्ती मळ्यात एकटी, दुसऱ्या कुणाचा कोंबडा फिरकायचा नाही. आईनं एक कोंबडी खुडूक झालेली बघून तिला बारा अंड्यांवर बसवली. आईचा जीव कोंबड्यांत. दर पावसाळ्यात तिच्या पिलांनी अंगण भरलेलं असायचं, आणि थोरला रजेवर आला की त्याच्या ताटात तलंग पडायची, म्हणजे अंड्यावर न आलेली कवळी कोंबडी. तिनं एकवीस दिवस मोजले, बावीस मोजले. पंचविसाव्या दिवशी अंडी फोडली तर बाराच्या बारा नासकी. घरभर वास सुटला. आई कपाळाला हात लावून खाटेवर बसली.

तेव्हा कुठं आम्ही कोंबड्याकडं नीट बघायला लागलो. दोन दिवस आबा अंगणात बाज टाकून नुसतं त्याच्यावर नजर ठेवून बसले. मग आत येऊन आईला म्हणाले, "अगं, त्यो कोंबडीकडं ढुंकूनबी बगत न्हाई. काळी त्याच्याम्होरं जाऊन बसली, तर हा उठून बाजूला झाला. जनू पावनाच!"

त्या दिवसापासनं आबांनी त्याचं नाव "व्याही" ठेवलं. "व्याही उठलं का?" "व्याह्यांनी आज काय पराक्रम केला?" हौसा चुलीपुढं बसलेली असायची. तिच्या बापाचं नाव कोंबड्याला लावून हसतात हे तिला ऐकू यायचं, आणि फुंकणीचा आवाज जरा मोठा व्हायचा. आई एकदा म्हणालीही, "आवं, पोर ऐकतीया." आबा म्हणाले, "मी कोंबड्याला म्हनतोय." मनानं आबा वाईट नव्हते, पण जीभ त्यांच्या ताब्यात नव्हती.

मग सुरू झाले इलाज. कुणी म्हणालं कांदा घाला, घातला. लसूण घातला. गूळ घालून भिजवलेला हरभरा घातला. तो सगळं आनंदानं खायचा आणि हौसाच्या मागं जायचा. गावातला आमचा ओळखीचा बापू पैलवान आला. त्यानं कोंबड्याला हातात तोलून धरलं, मांड्या दाबून बघितल्या, डोळ्यांत बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "अंग हाय, पन खुराक कमी पडतोय. बदाम द्या. तुपात." आबांनी माझ्याकडं बघितलं. मी लहानपणी तालमीत जायचो तेव्हा मला बदाम मिळाले नव्हते. कोंबड्याला मिळाले. पैलवानानं तालमीची लाल माती आणून त्याच्या खुराड्यात पसरली, वर त्याला थोपटून म्हणाला, "आता बगा, आठ दिसांत मैदान मारतो." आठ दिवसांत कोंबड्याचं वजन वाढलं, तुरा लालभडक झाला, आरवणं अर्ध्या कोसावर जायला लागलं. बाकी काही नाही. एका मोठ्या डालग्याखाली त्याला आणि काळीला एकत्र झाकून ठेवलं. आतनं धडपड ऐकू आली तसे आबा खूश झाले. डालगं उचललं तर काळीच्या चोचीत त्याच्या तुऱ्याचं रक्त, आणि हा पळत सुटला तो थेट चुलीपाशी, हौसाच्या पदरात.

सगळ्यात गंमत आबांनी केली. एका दुपारी मी मोट सोडून पाणी प्यायला घराकडं आलो तर अंगणात आबा गुडघ्यात वाकून काळ्या कोंबडीभोवती गोल फिरत होते. खांद्यावर घोंगडं, त्याचं एक टोक हातानं पंखासारखं जमिनीला टेकवलेलं. मधेच पाय घासायचे आणि कोंबड्याकडं बघून म्हणायचे, "असं रं! असं! मग हिकडनं... बग की, बग!" कोंबडा मान वाकडी करून बघत होता. काळी कोंबडी जागची हलत नव्हती, तिलाही नवल वाटलं असावं. इतक्यात आई हळदीचं टोपलं घेऊन परड्यातनं आली. क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, ह्या वयात? तीबी कोंबडीसंगं?" आबा दचकून सरळ झाले, घोंगडं पायात अडकलं आणि ते बदकन बसले. काळी फडफडत छपरावर गेली. आणि आतनं, चुलीपासनं, हसू आलं. खळखळून, न थांबणारं. लग्नाला दोन महिने होत आले होते आणि त्या घरानं हौसाचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आबा जमिनीवर बसल्या बसल्याच हसायला लागले. मग आई. मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभा होतो. पाणी प्यायचं राहिलंच. एवढं हसू येणारी बाई माझ्या पाठीला पाठ लावून रोज बांधावर बसते, हे मला त्या दिवशी कळलं.

पण हसण्यावर दिवस जात नसतात. आखाड तोंडावर आला. आखाडात आमच्याकडं कोंबडी-बकरी कापून घ्यायची, कारण पुढं श्रावणात सगळं बंद. आबांनी एका सकाळी तंबाखू मळता मळता सांगून टाकलं, "आखाडाच्या शेवटच्या ऐतवारी व्याह्याला जेवाय बोलवू. कोंबडा तवर कामाला लागला तर ठीक, न्हाईतर त्योच रश्श्यात. ज्याचा माल त्याच्या ताटात." स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले. आई हसली नाही. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

दुपारी ती टोपली घेऊन रानात आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिनं टोपली ठेवली, पाठमोरी बसली. कोंबडा मधे. मी पिठलं-भाकरी पुढं ओढली, एक घास मोडला. कोंबड्यानं बांधावरचा एक जोंधळ्याचा दाणा उचलला, तिच्या पायापाशी टाकला, "कुट् कुट्" केलं. मी मोडलेला घास हातात तसाच धरून, तिच्याकडं न बघता म्हणालो, "तो... कोंबडा असा का गं हाय?"

ती म्हणाली, "दोन म्हयनं झालं. सगळ्या गावाला इचारून झालं. पैलवानाला इचारलं. मला कुनी इचारलं व्हय?"

मी वळलो. तीही वळली. मग तिनं सांगितलं. त्याची आई अंड्यावर बसलेली असताना मुंगसानं नेली. अंडी तशीच राहिली. हिनं ती मडक्यात मेंढीच्या लोकरीत ठेवली, चुलीच्या कडेला. दिवसा चूल, रात्री पोटाशी. सातातलं एकच फुटलं. ते पिलू दुसऱ्या कोंबडीनं घेतलं नाही, चोची मारल्या. मग हिनं काखेत वाढवलं. मुंगी भरवली, कण्या भरवल्या. "त्याला कोंबडी म्हंजी काय ठावंच न्हाई," ती म्हणाली. "त्यो मलाच कोंबडी समजतो. ह्ये पंख टेकवून फिरतो न्हवं, ह्ये मालकिनीच्या इमानानं न्हाई काय! कोंबडीभवती फिरत्यात तसं माज्याभवती फिरतो."

मला हसू आवरेना. तिलाही नाही. दोघंही बांधावर वेड्यासारखे हसलो. मग मी म्हणालो, "म्हंजी गाडीत माज्यासकट दोन नवरदेव आलं होतं म्हन की."

ती हसायची थांबली. पदर सारखा करत म्हणाली, "त्यो तरी माज्याशी बोलतो."

एवढंच. पुढं काही नाही. पण हळदीला पाणी द्यायचं सोडून मी विहिरीकडं बघत तिथंच बसलो होतो. आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात. त्या कोंबड्यानं दोन महिन्यांत तिला शेपाचशे दाणे वेचून दिले होते. मी एक शब्द दिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासनं आम्ही बोलायला लागलो. बांधावर, टोपलीच्या दोन्ही अंगांना. काय बोलायचो? काही नाही. तिच्या गावची विहीर किती खोल, माझ्या डाव्या बैलाचा स्वभाव कसा, लाल मुंग्या का चावतात. तेवढ्यासाठी मी सकाळपासनं वाट बघायचो. मोट हाकताना गाणं म्हणायला लागलो तसे आबा म्हणाले, "ह्याला काय बदाम चारलं का काय कुनी?"

इलाज हौसाला ठाऊक होता. कोंबड्याच्या नजरेआड व्हायचं. तिच्या बांगड्यांचा आवाज कानावर पडता कामा नये, तिच्या अंगाचा वास येता कामा नये, मग तो आपोआप इतर कोंबड्यांकडं बघील. "पन मी जानार कुटं?" ती म्हणाली. आणि मग आम्हा दोघांनाही एकदमच सुचलं. पहिला आखाड! नव्या सुनेनं पहिल्या आखाडात सासूचं तोंड बघायचं नाही, माहेरी जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पण त्या वर्षी भांगलणीला बायका कमी पडत होत्या म्हणून आईनं आधीच सांगून टाकलं होतं, "रीत फिरून बगू. हळदीत गवात माजलंय."

आता माझा घोळ बघा. दोन महिने मुका राहिलो, आठ दिवस बोललो, आणि आता तिला महिनाभर घालवायची खटपट मलाच करायची. न घालवावी तर कोंबडा रश्श्यात, आणि त्याच्याबरोबर तिच्या बापाची अब्रू. तिनं मला "घालवा" म्हटलं नाही, "राहू दे"ही म्हटलं नाही. नुसतं कोंबड्याच्या पाठीवरनं हात फिरवत बसली. संध्याकाळी मी आईपुढं जाऊन उभा राहिलो. "आयं, तिला आखाडाला जाऊ दे."

"आनि भांगलन कोन करंल?"

"मी करतो."

आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी लुगडं नेसून उभा आहे. त्या काळात भांगलण बाईमाणसाचं काम. गड्यानं खुरपं घेऊन बायकांच्या ओळीत बसायचं म्हणजे गावभर तमाशा. "तू?" आई म्हणाली. मी म्हणालो, "व्हय, मी." का ते सांगितलं नाही. सून कोंबड्याची लाडकी आहे म्हणून त्याचा संसार अडलाय, असं आबांना कळलं असतं तर त्यांनी आयुष्यभर तिला सोडलं नसतं. आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "मुराळ्याला निरोप धाड." मुराळी म्हणजे लेकीला न्यायला माहेरनं येतो तो. तिच्याकडनं दुसरं कोण येणार? बापच आला, चालत, खांद्यावर घोंगडं टाकून. कोंबड्याला डालग्याखाली झाकलं आणि ती निघाली. वाटेला वळेपर्यंत आतनं तो ओरडत होता. मी ओरडलो नाही एवढंच.

पहिले दिवस वाईट गेले. कोंबडा उंबऱ्यावर बसायचा आणि वाटेकडं बघायचा. खायचा नाही, आरवायचा नाही. मी हळदीत बायकांच्या ओळीत उकिडवा बसून गवत काढायचो. "पावनं, खुरपं असं न्हाई, असं," असं म्हणून त्या एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "बायकोच्या वाटचं काम! आमच्या मालकाला दावा गं ह्यो गडी!" एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची गं पोर." ती मात्र मनापासनं म्हणाली. रात्री जेवायला बसलो की आई एकदा माझ्याकडं, एकदा कोंबड्याकडं बघायची. "दोगांस्नीबी एकच रोग झालाय," ती म्हणाली. मी भाकरी कुस्करत राहिलो.

आखाड निम्मा गेला. आबा विळा पाजळायला लागले, उगाचच, मला दाखवून. आणि मग एका सकाळी मी गोठ्याच्या दारात दात घासत उभा होतो तेव्हा कोंबडा उंबऱ्यावरनं उतरला. हळूहळू उकिरड्याकडं गेला. एकदा उकरलं, दोनदा उकरलं. एक चांगला जाड हुमणीचा किडा निघाला. तो त्यानं चोचीत धरला, टाकला, आणि सवयीनं "कुट् कुट् कुट्" केलं. मान वर करून चुलीकडं बघितलं. कुणी आलं नाही. पुन्हा बोलावलं. मी राखुंडीचं बोट तोंडात तसंच धरून उभा. तेव्हा पलीकडनं ती भोळी कवडी धावत आली आणि त्याच्या पुढ्यातला किडा गिळून मोकळी झाली. कोंबडा दचकला. एक पाय वर धरून तिच्याकडं बघत राहिला. जणू म्हणत होता, तू कोण? मग पुन्हा उकरलं. पुन्हा किडा, पुन्हा हाक, पुन्हा कवडी. तिसऱ्या खेपेला त्यानं एक पंख खाली सोडला आणि तिच्याभोवती फेरी घेतली. अगदी आबांनी शिकवली होती तशी.

पुढचं मी एकट्यानं बघितलं नाही. आबा मागं येऊन उभे होते हे मला त्यांच्या ओरडण्यानंच कळलं. "चढला! अगं ए, भाईर ये! चढला!" त्यांनी डोईचं मुंडासं काढून वर फेकलं, ते उकिरड्यात पडलं. आई पिठाच्या हातानं धावत आली. आबा माझ्या पाठीत धपका मारून म्हणाले, "बगितलंस? माजी शिकवन हाय ही! म्हयनाभर मुरली, पन मुरली!" खरं कारण आबांना मरेपर्यंत कळलं नाही. ते आल्या-गेल्याला घोंगडं घेऊन ती फेरी करून दाखवायचे.

शेवटच्या ऐतवारी सासरा जेवायला आला. आबांनी गावातनं बकऱ्याचा वाटा आणला होता. त्यांनी व्याह्याला हाताला धरून आधी अंगणात नेलं. कोंबडा कोंबड्यांच्या घोळक्यात ऐटीत चालत होता, काळीसुद्धा त्याच्या मागनं. "व्याही, आंदन द्यावं तर असं," आबा म्हणाले. सासरा भोळा माणूस, तो नुसता हसला. जेवण झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं, पटक्याच्या टोकाची गाठ सोडली आणि मूठभर बाजरी माझ्या हातावर ओतली. मला वाटलं, हे मला. तो म्हणाला, "ह्ये बाळ्याला. हौसीनं दिलंय." मी हात तसाच पुढं धरून ठेवला. शेवटी गाठ पुन्हा मारता मारता म्हणाला, "आनि तुमास्नी सांगितलंय, भांगलताना हळदीचा कोंब तोडू नका म्हनली."

म्हणजे मी भांगलतोय ते तिला कळलं होतं. कुणी सांगितलं देवाला ठाऊक. मी ती बाजरी कोंबड्याला टाकली खरी, पण चार दाणे मी खाल्ले.

पंचमी झाल्यावर मी तिला आणायला गेलो. एक दिवस चालून गेलो, एक दिवस चालून आलो, आणि येताना सबंध वाट आम्ही बोलत होतो. घरापाशी आलो तशी ती गप झाली, पदर पुढं ओढला. अंगणात आबा बाजेवर, आई सुपात तांदूळ निवडत बसलेली. तिच्या बांगड्या वाजल्या आणि उकिरड्यावरनं तो आला, धावत, मान पुढं काढून. तिच्या पायाशी आला. वर बघितलं. पंख टेकवला आणि अर्धी फेरी घेतली. इतक्यात मागनं कवडी ओरडली. तो थांबला. एकदा हौसाकडं बघितलं, एकदा मागं. मग पंख आवरून, शेपटी उडवत परत कोंबड्यांच्यात गेला.

हौसा तशीच उभी. डोळ्यांतनं पाणी आणि तोंडावर हसू. "गेला की ओ," ती हळूच म्हणाली, कुणाला ते तिलाही कळलं नसेल. आणि मी, आबा बाजेवर असताना, आई समोर असताना, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, "मी हाय न्हवं!"

आबांच्या हातातली तंबाखू सांडली. आईचं सूप थांबलं. मग आई सुपाकडं बघतच म्हणाली, "हुबी का गं? त्यो बोलतोय तर उत्तर दे की."

त्या घरातली ती रीत त्या दिवशी मोडली. पुन्हा कुणी ती लावली नाही. आता मी दिवसभर तिच्याशी मोठ्यानं बोलतो, सुनेदेखत, नातवंडांदेखत. सून आता मलाच आबा म्हणते. विचारते, आबा कुणाशी बोलताय? मी म्हणतो, कोंबड्यांशी. शेवटच्या आजारात सांगलीच्या दवाखान्यात ती डोळे मिटून पडली होती तेव्हाही मी तेच म्हणायचो, मी हाय न्हवं. ती मान हलवायची.

एक गोष्ट राहिली. ती परत आली तेव्हा आईनं एक खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर बसवलेली होती. चार-पाच दिवसांनी, सकाळी, मी बैल सोडत होतो तेव्हा ती खुराड्याकडनं पळत आली. दोन्ही हातांच्या ओंजळीत एक अंडं. त्याला बारीक चीर गेलेली. "आवं, ऐका," ती म्हणाली आणि अंडं माझ्या कानाला लावलं. "बोलतंय बगा आत. ऐकू आलं?" तिचा हात माझ्या कानाशी, हातभर हिरव्या बांगड्या, आणि ती हसत होती त्यामुळं त्या सारख्या किणकिणत होत्या.

मी म्हणालो, आलं.

खरं तर मला बांगड्यांशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. तेवढं खोटं मी तिच्यापाशी कधी कबूल केलं नाही. आज लिहून ठेवतो.